बहुत काय लिहिणे

मोडी कागदपत्रांच्या अभ्यासकाला पत्राच्या अखेरीस येणारे एक वाक्य इतके परिचयाचे झालेले असते की त्यावर त्याची नजर ठरत नाही. मजकूर संपत आला की लिहिणारा लिहितो, 'बहुत काय लिहिणे, सुज्ञ असा', आणि लेखनसीमा होते. केवळ शिष्टाचार म्हणून ह्या वाक्याची बोळवण करणे सोयीचे असले तरी योग्य नाही. पत्रात जे लिहिले गेले नाही ते सारे ह्या एका वाक्याने पत्र घेणाऱ्याच्या स्वाधीन केलेले असते. तटाची डागडुजी करावी असे पत्रात असते. चुना कोठून आणावा, गवंडी कोणत्या गावचे बोलवावेत, पावसाआधी कोणता बुरूज उरकावा हे नसते. ते गडकऱ्याला ठाऊक असते आणि त्याला ते ठाऊक आहे हे लिहिणाऱ्याला ठाऊक असते. लेखनाची सीमा जेथे येते तेथे दोघांच्या सामाईक जगाची सुरुवात होते. हेमाद्रीच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या मेस्तकांत कोणास कोणता मायना लिहावा ह्याची जी बारीक व्यवस्था लावलेली आढळते तीही ह्याच गोष्टीची निदर्शक आहे. पत्र कोणाला जात आहे हे ठरल्यावाचून त्यात काय घालावे आणि काय गाळावे हे ठरत नाही.

गेल्या काही वर्षांत कचेऱ्यांतून आणि महाविद्यालयांतून एक नवे पत्रलेखन सुरू झाले आहे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि भाषेच्या यंत्राला काम सांगण्यासाठी लिहावयाच्या मजकुराला 'प्रॉम्प्ट' हे नाव सर्वतोमुखी झाले. तो चांगला कसा लिहावा हे शिकवणाऱ्या कार्यशाळांचा आणि पुस्तिकांचा तेव्हापासून सुकाळ आहे. त्या साऱ्या उपदेशाला नव्या मेस्तकांची कळा आहे. फरक इतकाच की जुने मेस्तक पत्र घेणाऱ्याची पायरी सांगून मग मायना सांगत असे. नव्या मेस्तकांना ही पायरी सांगता येत नाही, कारण पत्र घेणारा कोण आहे हेच ठरलेले नाही.

शब्दाचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. मराठी माणसाला 'प्रॉम्प्टर' ठाऊक झाला तो नाटकामुळे. विंगेत, प्रेक्षकांच्या नजरेआड, हातात संहिता धरून तो बसलेला असे. नट अडखळला की पुढचा शब्द हलक्या आवाजात पुरवणे हे त्याचे काम. येथे संहिता प्रॉम्प्टरच्या हाती आहे, विस्मरण नटाचे आहे. पुढे डॉसवर चालणारे संगणक आले आणि काळ्या पडद्यावर लुकलुकणाऱ्या खुणेलाही 'प्रॉम्प्ट'च म्हणू लागले. तेथे यंत्रच माणसाला सुचवीत असे की बोला, आम्ही थांबलो आहोत. आज तिसरी उलथापालथ झालेली आहे. माणूस यंत्राला सुचवतो. परंतु त्याच्या हाती संहिता नाही, तीच तर त्याला हवी आहे. आणि ज्याला सुचवावयाचे त्या नटाला अगणित नाटके पाठ आहेत. आज कोणते नाटक लागले आहे एवढेच त्याला माहीत नाही.

एका विद्यापीठाच्या मराठी विभागातील एका अध्यापिकेचा अनुभव ह्या संदर्भात विचारात घेण्याजोगा आहे. विभागात त्यांना सारे 'बाई' म्हणतात, तेव्हा येथेही तेच म्हणणे बरे. बाईंकडे हल्ली लेखनाची जी कामे येतात त्यांत लेखन थोडे असते: अभ्यासमंडळाच्या सभेचे इतिवृत्त, अभ्यासक्रमाची उद्दिष्टे आणि निष्पत्ती, मूल्यांकनासाठी विभागाचा वार्षिक अहवाल, पाहुण्यांचा परिचय. ही कामे त्यांनी यंत्राकडे सोपवली आणि त्याची त्यांना कधी खंत वाटली नाही. ज्या मजकुराला लिहिणाराही नसतो आणि वाचणाराही नसतो तो यंत्राने लिहिला तर कोणाचे काय गेले, असे त्या म्हणत. हे म्हणणे खोडून काढणे कठीण आहे. 'सर्वानुमते ठरले' हे वाक्य कोणत्याही माणसाने कोणत्याही क्षणी मनापासून लिहिलेले नाही.

यंत्राला कोणत्या रूपाने संबोधावे ह्याविषयी मात्र विभागात एकमत नव्हते, आणि ही गोष्ट वरवर गमतीची असली तरी तेवढीच नाही. इंग्रजीत लिहिणाऱ्यापुढे हा प्रश्न उभाच राहत नाही. मराठीत क्रियापद उच्चारताक्षणी नाते ठरवावे लागते. एक तरुण सहकारी सरळ 'लिही' म्हणे. कार्यालयातील एक ज्येष्ठ लिपिक 'कृपया लिहून देण्याची तजवीज व्हावी, ही विनंती' अशी सुरुवात करीत. कुलसचिवांना अर्ज लिहिण्यात हयात गेलेली. बाई 'लिहून द्या' लिहीत, शिंप्याला किंवा छापखान्याला सांगावे तसे. गंमत अशी की यंत्राकडून आलेल्या मजकुरावर बरेचदा ह्या रूपांची छाया पडलेली दिसे. लिपिकांना मिळणारा मजकूर तजविजीच्या भाषेत येई. सुरांचे अनुसरण हाच ज्याचा धर्म आहे त्याच्याकडून दुसरे काय होणार?

प्रसंग उभा राहिला तो एका पत्रावरून. बाईंच्या मार्गदर्शनाखाली एक विद्यार्थी पीएच.डी.चे काम करतो. तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात तो तासिका तत्त्वावर शिकवतो. म्हणजे तास झाला तर पैसे, सुट्टी लागली तर नाही. पदवी मिळाली तर कायम नेमणुकीच्या रांगेत उभे राहता येईल एवढाच त्याच्यापुरता ह्या पदवीचा अर्थ आहे, आणि तो अर्थ हिणवण्यासारखा नाही. विषय, ग्रामीण कादंबरीतील निवेदकाची भाषा. दुसरे प्रकरण त्याने दीड वर्षाने पाठवले. संशोधन सल्लागार समितीची सहामाही बैठक तोंडावर होती, आणि तिच्यापुढे प्रगती 'समाधानकारक' की 'असमाधानकारक' हे मार्गदर्शकाने सांगावयाचे असते. दुसरा शब्द एकदा पडला की सुधारणेची संधी, आणि तीही गेली तर नोंदणी रद्द करण्याची शिफारस, असा तो रस्ता आहे. प्रकरण वाचून बाईंनी ते बाजूला ठेवले. आठवडाभर त्यांना उत्तर लिहिणे जमले नाही. मग एका दुपारी, दोन तासांच्या मधल्या वेळात, त्यांनी यंत्राला लिहिले: 'पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला त्याच्या प्रकरणावर अभिप्राय देणारे पत्र लिहून द्या.'

पत्र तत्काळ आले. आपण पाठवलेला हा संदेश आपल्याला चांगल्या स्थितीत सापडेल अशी आशा त्यात पहिल्याच वाक्यात व्यक्त केली होती. अशी आशा कोणा मराठी माणसाने आजवर बाळगलेली नाही, ती इंग्रजीची उतारी आहे. पुढे विद्यार्थ्याच्या परिश्रमांचे कौतुक होते, 'काही बाबींमध्ये सुधारणेस वाव' होता, 'संदर्भांची अधिक सखोल मांडणी' होती. त्या पत्रात चूक अशी काढता येत नव्हती. ते कोणत्याही मार्गदर्शकाने कोणत्याही विद्यार्थ्याला कोणत्याही प्रकरणावर पाठवावे असे होते.

हे असे का होते ह्याचे उत्तर यंत्राच्या घडणीत आहे. २०१७ मध्ये मांडल्या गेलेल्या 'ट्रान्सफॉर्मर' ह्या रचनेवर उभी असलेली ही प्रारूपे आधीच्या मजकुराला धरून पुढचा तुकडा कोणता असण्याची शक्यता किती, ह्याचा हिशेब करीत मजकूर वाढवतात. सांगणाऱ्याने जे सांगितले नाही ते रिकामे राहत नाही; त्या जागी सर्वांत संभवनीय ते येऊन बसते. वोल्फगांग इझर ह्यांनी वाचनव्यापारात संहितेतील रिक्त जागांना जे महत्त्व दिले त्याची येथे आठवण होणे अपरिहार्य आहे. परंतु वाचक रिक्त जागा भरतो तो स्वतःच्या अनुभवातून, म्हणून एकाच संहितेचे दोन वाचकांचे दोन प्रत्यय होतात. यंत्र ती भरते बहुतांच्या सवयीतून. सहृदयाच्या ठिकाणी एक सरासरी बसवली तर ध्वनी कसला निघेल, हा प्रश्न ध्वनिवाद्यांना पडला नाही हे त्यांचे भाग्य.

विद्यापीठात झालेल्या कार्यशाळेचे टिपण बाईंकडे होते. यंत्राला भूमिका द्या, संदर्भ द्या, नमुने दाखवा, स्वरूप आणि लांबी सांगा, काय नको तेही सांगा. ह्या सूचना टाकाऊ नाहीत. मजकुरातच दोनचार नमुने दिले की प्रारूपाला नव्याने न शिकवताही ते त्या वळणाचे काम करू लागते हे २०२० मध्ये जीपीटी-३ विषयीच्या निबंधात दाखवले गेले होते; टप्प्याटप्प्याने विचार करावयास लावले तर गणितासारख्या प्रश्नांची उत्तरे सुधारतात हे २०२२ मध्ये पुढे आले. बाईंनी टिपणाबरहुकूम दुसरा मजकूर लिहिला. त्याचे पहिले वाक्य होते: 'तुम्ही वीस वर्षांचा अनुभव असलेल्या, विद्यार्थ्यांविषयी आस्था असलेल्या मराठीच्या मार्गदर्शक आहात.'

हे वाक्य लिहून झाल्यावर त्या थांबल्या. स्वतःची भूमिका त्यांनी दुसऱ्याला वाटून दिली होती, आणि ती वाटून देताना तिचे वर्णनही करावे लागले होते. वीस वर्षांचा अनुभव होता. आस्था हा शब्द त्यांनी खोडला, पुन्हा लिहिला. नाटकात प्रॉम्प्टरने स्वतःचीच भूमिका विंगेतून पुरवावी आणि रंगमंचावर दुसऱ्यानेच ती वठवावी, असा तो प्रकार होता. आलेले पत्र आधीच्या पत्रापेक्षा नक्कीच सरस होते. त्यात जिव्हाळा होता, वडीलकीचा सूर होता. तो वाचून बाईंना, त्यांच्याच शब्दांत सांगावयाचे तर, 'कोणीतरी चांगली बाई' लिहीत असल्याचा भास झाला. प्रकरणाविषयी मात्र त्यातही काही नव्हते.

येथे मीमांसकांकडे वळणे उपयोगी ठरेल. विधिवाक्याच्या अर्थाचा त्यांच्याइतका चिवट विचार दुसऱ्या कोणी केलेला नाही. लौगाक्षिभास्कराचा 'अर्थसंग्रह' किंवा आपदेवाचा 'मीमांसान्यायप्रकाश' हे अभ्यासक्रमांतून परिचित असलेले प्रकरणग्रंथ उघडताच भावनेचा विचार समोर येतो. विधी ऐकल्यावर तीन आकांक्षा उत्पन्न होतात: काय साधावयाचे, कशाने साधावयाचे आणि कशा रीतीने साधावयाचे. स्वर्गाची इच्छा असणाऱ्याने याग करावा, ह्या नेहमीच्या उदाहरणात स्वर्ग हे साध्य, याग हे साधन आणि प्रयाजादी अंगे ही इतिकर्तव्यता. तिन्ही आकांक्षा शमल्याखेरीज विधीचा अर्थ पुरा होत नाही. कार्यशाळेचे टिपण ह्या कसोटीवर घासून पाहिले तर असे दिसते की त्यातील बहुतेक सूचना इतिकर्तव्यतेच्या आहेत: सूर कसा, लांबी किती, नमुना कोणता. साधन तर ठरलेलेच आहे, पत्र. साध्याविषयी टिपण मौन पाळते. ते तरी काय करील? साध्य सांगणे हे सांगणाऱ्याचेच काम आहे.

मीमांसेतील आणखी एका भेदाकडे लक्ष वेधावयास हवे. लौकिक आज्ञेत प्रवृत्त करणारा व्यापार आज्ञा देणाऱ्या पुरुषाच्या अभिप्रायात असतो. वेद अपौरुषेय, तेथे पुरुषच नाही, म्हणून तो व्यापार शब्दाच्याच ठिकाणी मानावा लागतो. वक्ता नसलेली आज्ञा कशी संभवते हा त्यांच्यापुढील पेच. आजचा पेच नेमका उलटा आहे. येथे वक्ता आहे, श्रोता अपौरुषेय आहे. ज्याला कोणत्याही फळाची इच्छा नाही त्याला उद्देशून विधी उच्चारला जातो. ऑस्टिन ह्यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत भाषणकृती सफल होण्याच्या ज्या अटी सांगितल्या त्यांपैकी कितीशा येथे पूर्ण होतात हे तपासण्याजोगे आहे. परंतु तो स्वतंत्र विषय झाला. प्रस्तुत मुद्दा एवढाच की श्रोत्याला फळाची इच्छा नसल्यामुळे, वक्त्याने साध्य सांगितले नाही तरी श्रोता अडत नाही. शिष्य विचारतो, 'म्हणजे नेमके काय करू?' कारागीर विचारतो. हे यंत्र क्वचित विचारते. एरवी ते लिहून मोकळे होते. ज्या अडखळण्यातून सांगणाऱ्याला आपल्या सांगण्यातील उणीव कळत असे ते अडखळणेच येथे नाहीसे झाले आहे.

बाईंना साध्य सांगता येईना. विद्यार्थ्याने प्रकरण सुधारावे असे त्यांना वाटत होते, की त्याने स्वतःहून काम सोडावे असे? प्रामाणिकपणे पाहता दुसरे. आणि त्याचे कारण त्या प्रकरणात होते.

प्रकरण साठ पानांचे होते, शुद्ध होते, गुळगुळीत होते. साम्य तपासणाऱ्या संगणकप्रणालीने त्यात दहा टक्क्यांच्या आत साम्य दाखवले होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. पण त्यात ऐंशीच्या दशकातील एका नियतकालिकाच्या अंकाचा हवाला देऊन एका समीक्षकाचा लेख उद्धृत केलेला होता. तो अंक बाईंच्या घरी बांधीव खंडात आहे. समीक्षक खरा होता, अंक खरा होता, लेख नव्हता. नसलेल्या लेखातील उतारा मात्र असा होता की त्या समीक्षकाने तो लिहिला असता तर कोणाला नवल वाटले नसते. बाळाजी आवजी चिटणिसांची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. लिहावयाचे राहून गेलेले पत्र त्यांनी कोऱ्या कागदावरून महाराजांना वाचून दाखवले म्हणतात. चिटणिसांना धन्याचे मन ठाऊक होते आणि वाचले तसे ते मागाहून लिहून देणार होते. कोऱ्या कागदावरून वाचण्याचे कसब तेवढे यंत्राने उचलले आहे.

तर असे ते प्रकरण. समीक्षकाला संहितेवरून तिच्या पूर्वरूपाकडे जाण्याची सवय असते. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना विद्वानांनी उपलब्ध पोथ्यांच्या पाठभेदांवरून त्यांच्यामागच्या पाठाकडे जाण्याची वाट दशकानुदशके चोखाळली. बाईंनी त्याच रीतीने, काहीशा रागाने, त्या साठ पानांमागील प्रॉम्प्ट शोधावयास घेतला. पोत सर्वत्र सारखा होता, म्हणजे तो मजकूर लांब नसावा. कोणत्याही कादंबरीच्या पानाचा निर्देश नव्हता, म्हणजे पुस्तके त्यात नव्हती. निवेदकाचे प्रकार पाश्चात्त्य निवेदनमीमांसेच्या क्रमाने आले होते, म्हणजे क्रम सांगितलेला नव्हता. उरले ते एकच वाक्य: 'ग्रामीण कादंबरीतील निवेदक ह्या विषयावर प्रबंधाचे प्रकरण लिहून द्या.'

हे वाक्य त्यांनी वहीत लिहिले आणि मग त्यांना ते ओळखीचे वाटले. दुपारी त्यांनी स्वतः यंत्राला लिहिलेले पहिले वाक्य ह्याच घडणीचे होते. पण ओळख तेवढ्यावर थांबली नाही. त्यांनी जुना पत्रव्यवहार उघडला. दीड वर्षापूर्वी, पहिले प्रकरण मान्य करताना, त्यांनी विद्यार्थ्याला लिहिले होते: 'ठीक. आता निवेदक ह्या विषयावर दुसरे प्रकरण लिहून पाठवा.' पुढे काही नव्हते. मधल्या काळात त्याचे तीन निरोप आले होते. त्यांपैकी एकात त्याने विचारले होते, 'मॅडम, निवेदक म्हणजे लेखकच धरायचा की वेगळा?' त्याचे उत्तर गेलेले नव्हते.

मार्गदर्शनाच्या व्यवसायात 'सुज्ञ असा' ह्या वाक्याचा जो वापर होतो त्याचा कोणी तरी एकदा हिशेब मांडावयास हवा. जो गडकरी नाही त्याला गडकऱ्याचे पत्र लिहिणे आणि तट पडला की त्याच्याकडे बोट दाखवणे, ह्याला शैक्षणिक भाषेत 'विद्यार्थ्याला स्वातंत्र्य देणे' असे म्हणतात. विद्यार्थ्याची फसवणूक त्यामुळे क्षम्य ठरत नाही. नसलेला लेख नसलेलाच राहतो आणि साठ पाने त्याने लिहिलेली नाहीत हेही राहतेच. परंतु ज्या एका वाक्याचे त्याला काय करावे हे कळले नाही, ते वाक्य त्याने जवळपास जसेच्या तसे पुढे पाठवले, आणि ज्याच्याकडे पाठवले ते अडखळले नाही, हाही क्रम नोंदवला पाहिजे.

बाईंनी प्रकरण पुन्हा वाचावयास घेतले, ह्या वेळी पुस्तके जवळ घेऊन. एकेचाळिसाव्या पानावर दोन परिच्छेद होते ज्यांत ऱ्हस्वदीर्घाच्या चुका होत्या. पहिल्या वाचनात त्यांनी त्या लाल शाईने दुरुस्त केल्या होत्या आणि पुढे गेल्या होत्या. त्या दोन परिच्छेदांत विद्यार्थ्याने ग्रामीण निवेदकाच्या तोंडी येणाऱ्या 'म्हणे' ह्या शब्दाचा विचार केला होता. 'पाटलानं म्हणे रान विकलं' असे सांगणारा निवेदक रान विकल्याची बातमी देतो, पण तिची जबाबदारी घेत नाही. ती गावावर टाकतो. तेव्हा तेथे निवेदक एक नसतो, त्याच्यामागे गाव बोलत असते, आणि कोठे 'म्हणे' आले व कोठे गळले ह्यावरून निवेदकाने स्वतः काय पाहिले आणि काय ऐकले हे मोजता येते. एवढेच. पुढे नेलेले नव्हते, उदाहरणे दोनच होती, त्यांपैकी एक कादंबरीतील नसून त्याच्या चुलत्याच्या बोलण्यातील होते. पण उरलेली अठ्ठावन्न-एकोणसाठ पाने ज्याच्या अभावी पोकळ होती ते येथे होते. ऐकीव गोष्टींचा एवढा मोठा साठा असलेले यंत्र, विशेष सांगितल्यावाचून, त्यांच्यापुढे 'म्हणे' जोडत नाही. न लिहिला गेलेला लेखही ते डोळ्यांनी पाहिल्याच्या सुरात सांगते. ही गोष्ट बाईंना त्या क्षणी सुचली, आणि ती विद्यार्थ्याच्या परिच्छेदांमुळे सुचली.

रात्री त्यांनी यंत्राला तिसऱ्यांदा लिहिले. हा मजकूर चार पानांचा झाला. विद्यार्थी कोण, तो कोठे शिकवतो, किती वेळ त्याला मिळतो; प्रकरणाचा बहुतांश त्याने लिहिलेला नाही हे मार्गदर्शकाला कळले आहे; नसलेला लेख कोणता; समितीची बैठक केव्हा; मार्गदर्शकाने काय सांगावयाचे राहून गेले; 'म्हणे'चे दोन परिच्छेद. हे परिच्छेद त्यांनी शब्दशः उतरवून घातले. दुसऱ्याचे अप्रकाशित लेखन त्याला न विचारता परक्या यंत्रात टाकावयास नको होते, हे त्यांना मागाहून वाटले. आणि ते वाटणे बरोबरच होते. साध्य ह्या वेळी लिहिता आले: पत्र वाचून त्याने साठ पाने टाकून द्यावीत आणि काम सोडू नये.

आलेले पत्र वाईट नव्हते. जिव्हाळ्याचा सूर ह्या वेळी सांगितलेला नव्हता आणि आलेलाही नव्हता. त्यातील एक गोष्ट बाईंनी ठेवून घेतली. त्यांच्या मजकुरात आरोप आधी होता आणि 'म्हणे' सर्वांत शेवटी. यंत्राने 'म्हणे'पासून सुरुवात केली होती आणि आरोप त्यानंतर, एका छोट्या परिच्छेदात, न टाळता आणि न लांबवता मांडला होता. हा क्रम अधिक चांगला होता. तो कोणत्या हिशेबातून आला ह्याचा शोध घेत बसण्याचे त्यांना कारण वाटले नाही. वाक्ये मात्र त्यांनी आपली लिहिली, बव्हंशी त्या चार पानांतलीच, 'तुम्हाला' ह्याच्या ठिकाणी विद्यार्थ्याचे नाव घालून. निवेदक म्हणजे लेखक धरावयाचा की वेगळा, ह्या प्रश्नाचे उत्तर त्यात दीड पानभर होते. चार कादंबऱ्यांची पृष्ठे दिली होती आणि प्रत्येक पृष्ठावर काय पाहावयाचे तेही लिहिले होते. समितीपुढे त्यांनी 'असमाधानकारक' हा शब्द लिहिला. त्याखाली कारण म्हणून विद्यार्थ्याकडील दोन बाबी नमूद केल्या आणि मार्गदर्शकाकडील एक. तिसऱ्या बाबीवर समितीच्या एका सदस्यांनी आक्षेप घेतला. असे लिहिण्याची पद्धत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. इतिवृत्तात ती बाब आली नाही. इतिवृत्त यंत्राने लिहिले होते आणि नमुन्यात तसा रकाना नव्हता.

विद्यार्थ्याचे उत्तर अकरा दिवसांनी आले. साठ पानांविषयी त्याने एका ओळीत कबुली दिली होती आणि स्पष्टीकरण दिले नव्हते. सुधारणेसाठी मिळालेली मुदत पुरेल असे त्याने लिहिले होते, ते पुरेल की नाही हे सांगणे कठीण. मग चुलत्याच्या बोलण्यातील आणखी सात वाक्ये होती, तारखांसह टिपलेली, आणि त्यांतील दोनांत 'म्हणे' वाक्याच्या शेवटी येते ते का, असा प्रश्न होता. शेवटी त्याने लिहिले होते: 'मॅडम, ते दोन परिच्छेद मी काढूनच टाकणार होतो. बाकीच्या प्रकरणाशी जुळत नव्हते.'